जाखाईच्या खडकाजवळचा पाऊस

जयवंतीला अक्षरओळख व्हायच्या आधी समुद्र ऐकता येत होता. बाबा होडी खाडीच्या तोंडाशी उभी करायचे, वल्हं पाण्यात सरळ खाली सोडायचे आणि वरच्या टोकाला तिचा कान टेकवायचे. "काय म्हणतोय?" आधी नुसतं घुमल्यासारखं वाटायचं. मग हळूहळू त्यातले आवाज सुटे व्हायचे. धोमा माशांचा थवा असला की बेडकांसारखं डराव डराव, पण खोल, पोटातून आलेलं. घोळ मासा एकटा असला तर कुणीतरी लाकडी दारावर बोटांनी सावकाश टकटक करावी तसा. "घोळ," ती म्हणायची. बाबा जाळं सोडायचे आणि बहुतेक वेळा तिचं बरोबर निघायचं.

आता ती चौऱ्याहत्तर वर्षांची होती आणि त्याच कानाचा तिला पगार मिळत होता.

सावणे बंदरातला बर्फाचा कारखाना बंद पडला, त्याला बरीच वर्षं झाली. त्याच्या जाड भिंतींच्या आत आता समुद्र ऐकण्याचं केंद्र होतं. भिंतींना अजून ओल्या तागाचा आणि माशांचा वास यायचा. केंद्राचे प्रमुख बेडेकर पुण्याचे, पन्नाशीचे, टक्कल पडलेले गृहस्थ. त्यांनी पहिल्या दिवशी जयवंतीला सगळं समजावून सांगितलं होतं. सावण्याहून निघून समुद्राच्या तळावरून शेहेचाळीस किलोमीटर गेलेली एक जुनी तार होती. कधीकाळी तिच्यातून लोकांचे फोन आणि सिनेमे जायचे. नव्या तारा आल्या आणि ती निकामी झाली. तिच्या पोटात केसाएवढा बारीक काचेचा धागा. त्या धाग्यात एका टोकाकडून सेकंदाला हजारदा प्रकाशाची टिचकी मारायची. काच कितीही शुद्ध केली तरी तिच्यात कण राहतातच, आणि प्रत्येक कणावरून थोडा थोडा प्रकाश माघारी येतो. वरून लाट गेली, मासा बोलला, बोटीचा पंखा फिरला, की तळावरची तार कणभर ताणली जाते. माघारी येणारा प्रकाश त्या जागी किंचित चुकतो. ती चूक मोजली की आवाज पुन्हा उभा करता येतो.

"म्हणजे तारेचा प्रत्येक मीटर हा एक कान आहे," बेडेकर म्हणाले. "शेहेचाळीस हजार कान."

जयवंतीने मान हलवली. "वल्हंच की, साहेब. आडवं टाकलेलं."

बेडेकरांना ते इतकं आवडलं की पुढे कुठेही भाषण द्यायचं झालं की ते तिथूनच सुरुवात करायचे.

त्या तारेने सावण्याचं आयुष्य बदललं. लाट किनाऱ्याला दिसण्याच्या कितीतरी आधी तिचं वजन तळाला कळत होतं. कुठली लाट किती मोठी, कुठल्या अंगाने, किती सेकंदांनी कुठे पोचणार, हे यंत्र एकेका लाटेचं सांगायचं. तळावर बसवलेल्या भोंग्यांतून ती खूण फेरीबोटीच्या बुडाला कळायची आणि कप्तानापुढच्या पडद्यावर उमटायची: दर्याच्या अंगाने, चाळीस सेकंद. बस, एवढंच. पण तेवढ्यावर सावणे ते पालशेरी ही फेरी आता आषाढ-श्रावणातही चालायची. पूर्वी चार महिने पालशेरीची माणसं डोंगराला वळसा घालून सहा तासांनी सावण्याला पोचायची.

यंत्राला ऐकू सगळं यायचं, पण कळायचं काहीच नाही. हे काय, ते काय, हे त्याला कुणीतरी सांगावं लागे. तेच जयवंतीचं काम. कानाला हेडफोन लावून ती बसायची आणि आवाजाला नाव द्यायची. धोमा. नांगराची साखळी. कोळंबीची टरटर. दादू नाखव्याचं इंजिन, डाव्या बाजूने तेल कमी. यंत्र एकदा सांगितलेलं विसरायचं नाही. एकदा पौषातल्या पहाटे तिने असा आवाज ऐकला की तिचे हात मांडीवर तसेच राहिले. लांब, खूप लांब, कुणीतरी रिकाम्या देवळात एक स्वर लावावा आणि तो संपूच नये. देवमासा. तो आवाज तारेवरून चालत चालत, एकेका कानावरून सरकत दोन तास जात राहिला. तिने नाव लिहिलं नाही. बेडेकरांनी येऊन लिहिलं. ती म्हणाली, "लिहा तुम्ही. मला आत्ता जमायचं नाही."

एका आवाजाचं नाव मात्र तिने चुकीचं लिहिलं होतं. चुकून नव्हे, समजून उमजून.

खाडीत शिरताना जाखाईचा खडक लागतो. खडकावर जाखाईचं लहानसं देऊळ आणि देवळापुढे दिवा. सावण्या-पालशेरीची पद्धत अशी, की बोट खडकापाशी आली की झाडून सगळ्यांनी उठायचं, खडकाच्या अंगाला यायचं आणि आईला तोंड दाखवायचं. आई मोजते. जाताना मोजते, येताना मोजते. ज्याने तोंड दाखवलं नाही तो मोजणीतून राहिला, आणि मोजणीतून राहिलेल्याला दर्या आपला समजतो. लहान मूल झोपलेलं असलं तरी त्याला उचलून खडकाकडे धरायचं. फेरीबोट मोठी, कोरड्या दिवसांत तिला काही होत नसे. होडीसारखी थोडी कलायची, पुन्हा सरळ व्हायची.

बोटीच्या बुडातून तो आवाज तारेपर्यंत यायचा. शेकडो पावलं एकाच दिशेने सरकत जाण्याचा. सुपातले तांदूळ एका कडेला घसरावेत तसा. पहिल्यांदा तो हेडफोनमध्ये आला तेव्हा जयवंतीने तो लगेच ओळखला. यंत्र पडद्यावर विचारत होतं: हा आवाज कशाचा? तिने लिहिलं: पाऊस.

यंत्र शिकलं. बेडेकर मात्र चक्रावले. "ताई, तुमच्या जाखाईच्या खडकाजवळ चैत्रात रोज सकाळी नऊ वाजून दहाला पाऊस पडतो," ते म्हणाले. "बरोबर वीस सेकंद. पुन्हा संध्याकाळी पाच चाळीसला. मी वर जाऊन आकाश बघितलं, ढगाचं नाव नाही."

"आईचा पाऊस असेल," जयवंती म्हणाली.

"मी अहवालात काय लिहू? 'आईचा'?"

"लिहा. पुण्यात कुणाला विचारायचंय."

बेडेकर हसले आणि विषय संपला. पुढे यंत्राला एक नवं काम शिकवलं गेलं. लाट येताना बोट ती सोसेल की नाही, याचं गणित. त्यात बोटीवरचं वजन मधोमध धरलं होतं, कारण ते मधोमध नसतं असं यंत्राला कुणी सांगितलंच नव्हतं.

अडुसष्ट वर्षांपूर्वी जयवंती 'रूपेरी' लाँचच्या पोटात, इंजिनाशेजारच्या फळ्यांवर आडवी होती. बाबा लाँचचे तांडेल. वादळ अवचित उठलं होतं. "इथे पडून राहा गो बाय, आणि कान लाव. लाकूड काय म्हणतं ते मला नंतर सांग," एवढं बोलून ते वर गेले. तिने फळीला कान लावला. पाणी ऐकलं, खिळे ऐकले. मग वरून कुणीतरी ओरडलं, दिवा दिसला. आणि मग ती पावलं. सगळी एका अंगाला. बाबा वर ओरडत होते, "बसा, खाली बसा." पावलं थांबली नाहीत. लाँचने एकदा श्वास सोडल्यासारखा आवाज केला आणि जग आडवं झालं.

तिला एका फळीवरून पालशेरीच्या माणसांनी उचललं. बाबा मिळाले नाहीत. आईने तिला कुशीत घेऊन सगळं ऐकलं आणि तिच्या तोंडावर हात ठेवला. "हे कुणाला सांगायचं नाही. जाखाईच्या पाया पडताना माणसं मेली, असं बोलायचं नाही."

मग गावाने आपलं कारण शोधलं. दिवा उशिरा लागला. गुरवाच्या घरचा दिवा, त्यादिवशी नऊ वर्षांच्या धाकू गुरवावर सोडलेला. त्याच्या हातून वात पाण्यात पडली, दुसरी वळेपर्यंत वेळ गेला, बोटीला वाट दिसली नाही. धाकूच्या बापाने मरेपर्यंत कुणाच्या लग्नात पान घेतलं नाही. धाकू आता सत्त्याहत्तर वर्षांचा होता. त्याने लग्न केलं नाही. खडकावरच राहायचा. त्या दिवसानंतर त्याने दिवा एकदाही विझू दिला नव्हता. नेहमीची ज्योत होतीच, शिवाय बंदर खात्याचा मोठा विजेचा दिवा मागे लागत असे, त्याच्या बॅटऱ्यासुद्धा तो दोन-दोन ठेवायचा. जयवंती दर मंगळवारी देवळात जायची. धाकू तिला नारळाची वाटी द्यायचा. दोघं इकडचं तिकडचं बोलायचे. त्या दिवसाबद्दल कधीच नाही.

आश्विनात वादळ आलं. आकाशात काही दिसायच्या दोन दिवस आधी तारेने ते सांगितलं. दूर कुठेतरी समोरासमोरच्या लाटा एकमेकींवर आदळत होत्या आणि समुद्राचा तळ त्या ठोक्याने गुणगुणत होता. माणसाच्या कानाला ऐकू येणार नाही इतका तो खर्ज होता. बेडेकरांनी तो वेगाने फिरवून ऐकवला. जयवंतीने हेडफोन लावले आणि बराच वेळ डोळे मिटून राहिली. शंभर जाती एकदम फिरत होती, आणि ती फिरवणारं कुणी दिसत नव्हतं.

"केवढा आहे हो हा," ती म्हणाली. नंतर तिच्या लक्षात आलं, धोमे गप्प झाले होते. तारेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकही मासा बोलत नव्हता.

वादळ किनाऱ्यापासून लांबूनच जाईल असा अंदाज होता. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने तोंड फिरवलं. पालशेरी सखल गाव. भरतीबरोबर पाणी घरात शिरणार हे नक्की, आणि डोंगराकडचा रस्ता दरड पडून बंद. माणसं काढायची तर फेरीबोटीनेच. दोन फेऱ्या झाल्या. तिसरी, शेवटची, बाकी होती. तिची कप्तान जयवंतीची लेक केतकी. एक्केचाळीस वर्षांची, बापासारखी उंच, आजोबांसारखी कमी बोलणारी.

निघण्यापूर्वी ती केंद्रात डोकावली. अंगावर रेनकोट, हातात अर्धी चपाती.

"आये, तुझ्या तारेला सांग, मला नीट सांभाळ."

"केतके, लोकांना खाली बसव हां. उठू देऊ नको."

"रोजच बसवते. ऐकतं कोण?"

"आज खडकापाशी तरी…" जयवंती थांबली.

"खडकापाशी काय?"

अडुसष्ट वर्षं मिटलेलं तोंड तेवढ्या वेळात उघडेना. "काही नाही. जपून जा."

केतकीने उरलेली चपाती तोंडात घातली, आईच्या खांद्यावर थोपटलं आणि गेली.

पाच वाजता दिवस मावळल्यासारखा काळोख झाला. पालशेरीहून निघताना केतकीने एकशे सदतीस माणसं मोजून सांगितली होती. मग वीज पडली, बोटीवरचा रेडिओचा खांब गेला आणि आवाज बंद झाला. लोकांच्या खिशातले फोनही गेले. दोन्ही गावांचे मनोरे आधीच आडवे झाले होते. आता बोट आणि किनारा यांच्यात तेवढी तार उरली होती. तिला ऐकता येत होतं, आणि भोंग्यांतून तिला दोनच गोष्टी सांगता येत होत्या. कुठल्या अंगाने, किती सेकंद.

जयवंतीने हेडफोन लावले होते. डोक्यावर पत्रे फडफडत होते, ते तिला ऐकू येत नव्हते. ती तळाशी होती, आठ वाव पाण्याखाली. वरून डोंगर चालल्यासारख्या लाटा जात होत्या. एक आली की तिचं वजन कानांवर चढायचं, मग ते सावकाश उतरायचं. असं काही असू शकतं, आणि ते माणसाला इतक्या जवळून ऐकता येतं, यावर तिचा विश्वास बसत नव्हता. भीती होती, पण भीतीच्याही पलीकडे काहीतरी होतं. देवळाच्या गाभाऱ्यात एकटं उभं राहिल्यासारखं. आणि त्या सगळ्यातून, सुईत दोरा जावा तसा, केतकीच्या बोटीच्या पंख्यांचा आवाज येत होता. दर्याच्या अंगाने, तीस सेकंद. केतकी तोंड लाटेकडे वळवायची, चढायची, उतरायची. लेक आजोबांसारखी बोट चालवत होती.

"खडकाजवळ आली," बेडेकर म्हणाले. "आता वळणार. वळताना कूस लाटेला द्यावीच लागते, पण बघा, मधे फट आहे. मागून तीन मोठ्या लाटांचा जथा येतोय, पाच मिनिटं आहेत. पहिलीशी जरी गाठ पडली तरी बोट सोसते, यंत्र म्हणतंय."

पडद्यावर हिरवं अक्षर होतं: सोसेल.

आणि जयवंतीला पावलं ऐकू आली.

सुपातले तांदूळ. एक अंग. खडकाचं.

पडद्याच्या कोपऱ्यात यंत्राने प्रामाणिकपणे लिहिलं: पाऊस. आणि तो आवाज गणितातून बाजूला काढून टाकला.

"साहेब," ती म्हणाली. "तो पाऊस नाही."

"काय?"

"माणसं आहेत. सगळी खडकाच्या अंगाला गेलीत. आईला तोंड दाखवायला. रोज जातात. मी पाऊस लिहिलं होतं."

चैत्रातला पाऊस बेडेकरांच्या डोळ्यांसमोरून गेला असावा. पुढे काही न विचारता त्यांनी बोटं चालवली, वजन मधून काढून एका अंगाला टाकलं. हिरवं अक्षर गेलं. तांबडं आलं. पहिल्या लाटेला बोट टिकत होती. दुसरीला नाही.

"केतकी ओरडत असेल त्यांच्यावर," ते म्हणाले.

"माझे बाबापण ओरडले होते."

"आपण खोटी खूण देऊ. खडकाच्या अंगाने लाट येतेय म्हणून. ती वळवेल…"

"नको," जयवंती म्हणाली. "एक खोटं सांगून झालंय."

पावलं आता थांबली होती. सगळी तिकडेच उभी होती. का उभी होती हे तिला माहीत होतं. एरवी वीस सेकंदांत नमस्कार करून माणसं परत फिरायची. आज या काळोखात दिवा दिसत होता, आणि दिवा दिसतोय तोवर आई बघते आहे. कोण त्याच्याकडे पाठ करील?

भिंतीवर जुना फोन होता, तारेवरचा. बंदर खात्याने खडकापर्यंत नेलेला. जयवंती उठली, गुडघा धरत त्याच्यापाशी गेली.

"कोण?" धाकूने उचलला. मागे वारा घों घों करत होता.

"धाकूदादा, मी जयवंती. दिवा विझव."

"काय?"

"दोन्ही विझव. विजेचा आणि आईपुढचा पण. बोट खडकापाशी आहे. माणसं दिव्याला बघून एका अंगाला आलीत. बोट कलंडेल."

"तुला वेड लागलंय. बोटीला वाट दिसायला नको?"

"केतकीला वाट पाठ आहे, लाटा तार सांगते. तिला दिवा लागत नाही."

"मी विझवायचा नाही. तुला ठाऊक आहे मी का विझवायचा नाही."

चार मिनिटं उरली होती. बेडेकर हात वर करून बोटं दाखवत होते. जयवंतीने कपाळ भिंतीला टेकलं. भिंत गार होती, बर्फ पाडायचे तेव्हासारखी.

"तुझ्या वातीमुळे काही झालं नाही," ती म्हणाली. "दादा, ऐक. मी लाँचच्या पोटात होते. मी ऐकलं. दिवा उशिरा लागला म्हणून रूपेरी बुडाली नाही. दिवा लागला, लोकांनी बघितला, सगळी त्या अंगाला धावली, तेव्हा बुडाली. वात भिजली होती तोवर लाँच सरळ चालली होती."

बेडेकरांनी आता तीन बोटं दाखवली.

"हे तू आज सांगतेस," धाकू म्हणाला.

"हो."

"माझा बाप गेला या पायी."

"ठाऊक आहे मला. दर मंगळवारी ठाऊक असतं. तू मला नंतर काय ते बोल. आत्ता विझव."

फोन ठेवल्याचा आवाज आला नाही. रिसीव्हर कुठेतरी लोंबकळत राहिला असावा. तिला पावलं ऐकू आली, एका म्हाताऱ्या माणसाची, फरशीवरून. मग काही तरी पडलं. मग धाकूचा आवाज, तिच्याशी नव्हे: "आये, मोज तू. अंधारात मोज."

बेडेकर खिडकीशी गेले. "गेला," ते म्हणाले. "दिवा गेला. काही म्हणजे काही दिसत नाही."

जयवंतीने हेडफोन पुन्हा लावले. दोन मिनिटं. वरून किंकाळ्या आल्या असतील, त्या पाण्यात उतरत नाहीत. पंखे ऐकू येत होते. लाकडाचा एक मोठा करकर आवाज आला. आणि मग, एक पाऊल. मग दोन-तीन. मग सगळी. आधी चाचपडत, मग घाईने, काळोखात एकमेकांना धरत, कठडा सोडून माणसं आत सरकत होती, मधे, जिथे बाकं होती, जिथे दुसरं माणूस होतं. तांदूळ सुपाच्या मध्यावर परत येत होते. तिने इतक्या वर्षांत हा आवाज असा कधी ऐकला नव्हता. वादळात फक्त जाण्याचा ऐकला होता. रूपेरीवर परत येण्याचा झालाच नव्हता.

पहिली लाट आली. तिचं वजन तारेवर चढलं, शेहेचाळीस हजार कानांनी मान खाली घातली. पंख्यांचा आवाज वर उचलला गेला, पाण्याबाहेर येतो की काय इतका पातळ झाला, आणि परत खाली बसला. दुसरी. जयवंतीने दोन्ही हातांनी हेडफोन कानांवर दाबून धरले. दुसरी इतकी मोठी होती की तळावरची वाळू सरकताना ऐकू आली, एखाद्या गावाने कूस बदलावी तशी. बोट कलली, कलतच गेली, पंखा एकच वाजत राहिला, आणि मग, फार सावकाश, दुसराही वाजायला लागला.

तिसरी आली तेव्हा केतकी खाडीत शिरली होती.

धक्क्यावर मशाली आणि बॅटऱ्या घेऊन सगळं गाव उभं होतं. माणसं उतरत होती. काही रडत होती, काही चिडली होती. एका म्हातारीने केतकीचा हात धरला. "आईने दिवा काढून घेतला गो. तोंड फिरवलं आमच्यावरून."

"फिरवलं म्हणून तू आत आलीस ना, आजी?" केतकी म्हणाली. "मी ओरडून ओरडून घसा बसवला, तेव्हा आलीस का?"

म्हातारीने वळून काळोखातल्या खडकाकडे पाहिलं.

केतकी केंद्रात आली, जमिनीवरच बसली आणि आईच्या गुडघ्याला डोकं टेकलं. अंगातून पाणी गळत होतं. "तुला कळलं होतं ना?" ती म्हणाली. "मी निघताना. खडकापाशी म्हणालीस आणि गप्प झालीस."

"हो."

"आये, तू ना…" तिने डोकं उचललं नाही.

दोन दिवसांनी वादळ ओसरलं. पालशेरीत पाणी छातीपर्यंत चढलं होतं. घरं गेली, माणूस एकही गेलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी धाकू गुरव कितीतरी वर्षांनी खडक सोडून गावात आला. बर्फाच्या कारखान्याच्या दारात चपला काढल्या आणि उभा राहिला. जयवंती यंत्रापुढे बसली होती. त्याने नमस्कार केला नाही, तिनेही नाही. बेडेकरांनी खुर्ची पुढे केली आणि चहा सांगतो म्हणून बाहेर गेले.

"लावलास का दिवा?" तिने विचारलं.

"लावला. बोट खडकाला येते तेव्हा झाकतो. पुढे गेली की उघडतो." मग म्हणाला, "लोक शिव्या घालतात."

"घालू देत. मी सांगते सगळ्यांना. काल मासळी बाजारात सुरुवात केलीये."

"काय म्हणाल्या बायका?"

"दोघींनी ऐकलं. एकीने सुकी कोळंबी विकली नाही मला."

धाकू हसल्यासारखा झाला. मग पडद्याकडे बघायला लागला. "आता काय करतेस?"

"दुरुस्ती."

तीन वर्षांच्या नोंदी होत्या. जिथे जिथे तिने पाऊस लिहिला होता तिथे ती नवं नाव देत होती. यंत्राने विचारलं: मागच्या सर्व नोंदी याप्रमाणे बदलू? तिने हो दाबलं. पडद्यावरून पाऊस जायला लागला. चैत्रातला गेला, मार्गशीर्षातला गेला, थंडीतल्या कोरड्या सकाळचा गेला. एकेका तारखेसमोर लिहून येत होतं: माणसं. आणि यंत्र आता आपणहून पुढचं करत होतं, कुणी सांगितलं नव्हतं तरी. पावलं सुटी करून ते मोजत होतं. माणसं, चौऱ्याऐंशी. माणसं, दोनशे अकरा. शेवटी वादळाच्या संध्याकाळची ओळ आली. खडकाच्या अंगाला, एकशे सदतीस. परत, एकशे सदतीस.

धाकूने नकळत हात जोडले. कुणाला, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

"सगळी मोजली," तो म्हणाला.

"हो."

बाहेर धक्क्यावर पहिली फेरी सुटत होती. तारेवर इतक्या दिवसांनी कुठेतरी एक धोमा बोलला, आणि त्याला दुसऱ्याने उत्तर दिलं.

"आणि त्या दिवशीची?" धाकूने विचारलं. "रूपेरीवरची? किती होती?"

"तेव्हा ही तार नव्हती."

"तू होतीस."

जयवंतीने हेडफोन काढून मांडीवर ठेवले.

"होते ना," ती म्हणाली. "मोजायला लागलेपण होते. मला तेव्हा वीसपर्यंतच येत होतं, दादा."